घोंगडीची लांबी

निवृत्ती आप्पा गेल्या माघात, एका मंगळवारी सकाळी, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात वारले. आठ दिवस ताप होता. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या मागावर अर्धी घोंगडी होती. गावात दुसरा माग नाही.

वय पंच्याहत्तरच्या पुढं असावं. विचारलं तर म्हणत, "मेंढरं मोजतेत, मानसं न्हाई." घोंगडीचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणणारा काठावर बसून खड्ड्यात पाय सोडतो आणि पायांनी दोऱ्या दाबतो. आप्पा पोरपणापासून असे बसले होते. खुर्चीवर बसवलं की त्यांचे पाय खाली काहीतरी शोधत राहायचे.

शहरातून येणारे लोक त्यांच्या कामाला काहीही म्हणत. कुणी सतरंजी म्हणे, कुणी गालिचा, एक बाई तर कार्पेट म्हणाल्या. आप्पा न चिडता सांगत, "सतरंजी कापसाची. गालिच्याला गाठी मारतेत. जेन बी लोकरीचंच अंथरून, पन ते विणतच न्हाईत, लोकर भिजवून थापतेत. घोंगडी लोकरीची आन् विणलेली. गालिच्यावर सायेब बसतो, घोंगडीवर मानूस निजतो." निजामाच्या काळात आपल्या आजाच्या घोंगड्या फौजेतल्या घोड्यांच्या पाठीवर जात, असंही ते सांगत. त्याला कागदाचा आधार कुठं सापडला नाही. तसं सांगितल्यावर म्हणाले, "घोड्यानं पावती देली न्हाई."

आप्पांची ओळख एका चुकीमुळं झाली, आणि चूक माझी होती. मी तेव्हा हिंगोलीत एका दैनिकाच्या कचेरीत होतो. दिवाळीच्या आधी मी त्यांच्यावर मजकूर लिहिला आणि मथळा दिला : गोरेगावचा शेवटचा घोंगडी विणकर. माहिती तपासलेली होती. दिवाळी सरल्यावर आठव्या दिवशी आप्पा जीपनं हिंगोलीला आले. अंक घडी करून काखेत धरला होता.

"शेवटचा कोन म्हनलं तुमाला?"

"आप्पा, गावात दुसरा माग कुणाकडं आहे?"

"कोनाकडंच न्हाई. पन मी शेवटचा हाय, असं मी म्हनलो का?"

"नाही."

"मंग काहून लिवलं?"

तक्रार अभिमानाची नव्हती. दिवाळीनंतर मेंढ्यांची लोकर कातरतात. ती घेऊन मेंढपाळ दरवर्षी आप्पांकडं येत. त्या वर्षी कनेरगाव नाक्याच्या मेंढपाळानं अर्ध्या वाटेवरून लोकर परत नेली. आप्पाचं संपलं, पेपरात आलंय, असं त्याला ढाब्यावर कुणीतरी वाचून दाखवलं होतं. बाकीचे लोकर बांधावर टाकून देऊ लागले होते. महिनाभरात लोकर आली नाही, तर पुढच्या कातरणीपर्यंत माग नुसता उभा राहणार होता.

"आमच्यात मागापाशी शेवटचा म्हनत न्हाईत, संपलं म्हनत न्हाईत," आप्पा म्हणाले. "बांगडी फुटली म्हनता का तुमी? वाढली म्हनता. तसं घोंगडी मागावरून उतरली की आमी म्हनतो, घोंगडी वाढवली. आसं छापा. हितं बसून लिवू नका. येऊन बघा."

दुसऱ्या दिवशी मी गोरेगावला गेलो. आप्पांची सून शोभा मागापाशी बसून नवा ताणा, म्हणजे उभे धागे, जोडत होती. तयार घोंगडी कापताना जुन्या धाग्यांचे वीतभर शेंडे मागात ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा एकेका शेंड्याला गाठतात. माग रिकामा होत नाही.

"माझ्या ताण्याची गाठ बापाच्या ताण्याला," आप्पा म्हणाले. "बापाची आजाच्या."

शोभानं मान वर न करता म्हटलं, "मामा, ती गाठ कवाच घोंगडीसंगं गेली. आसंल कोन्या गिऱ्हाइकाच्या अंगावर."

"गाठ गेली. जोड न्हाई गेला."

त्या घरात बाया लोकर पिंजत, सूत कातत, ताण्याला चिंचोक्याची खळ लावत. मागावर मात्र पुरुषच बसत. आप्पांचा मुलगा दत्ता गोरेगाव ते हिंगोली जीप चालवतो. त्याला विणता येत नाही. आप्पांनंतर मागावर कोण बसणार, असं मी विचारलं. आप्पांनी शोभाकडं बोट केलं.

"मला कवा इचारलं?" शोभा म्हणाली.

"आता इचारून राहिलो ना."

"पेपरवाल्याच्या म्होरं?"

"साक्ष पाहिजे. न्हाई तर उद्या म्हनशील, इचारलंच न्हाई."

"चुलीवर दूध हाय," असं म्हणून ती उठून गेली. तिचं नाव लिहू का, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "ती बसल्यावर लिवा. बसायच्या आदी लिवू नका."

मी खुलासा लिहिला. आप्पांचा माग चालू आहे, याच आठवड्यात त्यांनी एक घोंगडी वाढवली, असं त्यात होतं. रात्रपाळीच्या उपसंपादकाला वाक्य अपुरं वाटलं. त्यानं ते पुरं केलं. अंकात छापून आलं : निवृत्ती आप्पांनी घोंगडीची लांबी वाढवली.

चार दिवसांत मेंढपाळ येऊ लागले. कनेरगाव नाक्याचा सगळ्यात आधी आला, लोकरीची दोन पोती घेऊन. त्यानं दारातूनच विचारलं, "आप्पा, किती हात केली आता?"

"तुझे पाय किती लांब हायेत?"

"हायेत तेवढेच."

"मंग घोंगडी बी तेवढीच हाय. लोकर ठेव."

त्या मोसमात शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. दुसरा खुलासा देऊ का, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमी बराबर लिवलं तर लोकर वापस गेली. चुकीचं लिवलं तर आली."

संक्रांतीनंतर शोभा रोज दुपारी मागावर बसू लागली. आप्पा खाटेवर पडून डोळे मिटून ऐकत. ठोका चुकला की म्हणत, "पाय जड पडून राहिला." तिच्या पहिल्या घोंगडीची कड वेडीवाकडी झाली. आप्पांनी त्या घोंगडीवर तांब्याभर पाणी ओतलं. घट्ट वीण पाणी धरते, विणकर ती अशीच तपासतात. पाणी लगेच खाली उतरलं. त्यांनी हातभर उसवायला सांगितलं. तिनं उसवलं आणि म्हणाली, "मामा, तुमची पहिली कशी झालती?"

"बापानं मेंढरावर टाकली. मेंढरू बी पळालं."

वर्षभरानं तिची घोंगडी पाणी धरू लागली. तरी गिऱ्हाईक घ्यायला आलं की विचारायचं, ही आप्पांच्या हातची का. शोभा खरं सांगायची. काही जण घोंगडी ठेवून जात. तेव्हा आप्पा तिला एवढंच म्हणत, "न्यायला येतेत की न्हाई बघ." बहुतेक येत. एक आला नाही. ती घोंगडी आप्पांनी स्वतःच्या खाटेवर अंथरली.

आप्पा गेल्यावर नातेवाइकांनी सुचवलं की खड्डा बुजवावा, शेड सोयाबीनच्या पोत्यांना कामी येईल. दत्ता म्हणाला, "शोभाला इचारा." तेराव्यापर्यंत मागाला कुणी हात लावला नाही. चौदाव्या दिवशी शोभा खड्ड्यात पाय सोडून बसली. आप्पांची वीण जिथं थांबली होती तिथं तिनं एक पांढरा धागा आडवा घातला आणि पुढं काळ्या लोकरीनं विणायला सुरुवात केली.

फाल्गुनात कनेरगाव नाक्याचा मेंढपाळ घोंगडी न्यायला आला. त्यानं पांढऱ्या धाग्यावरून बोट फिरवलं आणि हे काय म्हणून विचारलं.

"हितवर मामाची," शोभा म्हणाली. "हितून माझी."

त्यानं दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि घोंगडी खांद्यावर टाकून नेली. चैत्रात शोभाच्या मागावर नवा ताणा चढला आहे.