बाहुलीची मान

आईची परीक्षा मी खिडकीतून पाहत होते. आई वीस वर्षं लोकांची मुलं सांभाळतेय, पण पाळणाघराने आता बजावलं, "मावशी, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर काम बंद." घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, त्यामुळे तिच्याकडून उत्तरं मीच घोकून घेतली होती.

प्रात्यक्षिक होतं प्लॅस्टिकच्या बाहुलीला अंघोळ घालायचं. आईने टब बाजूला सारला, खाली बसून पाय पसरले आणि बाहुलीला पायांवर पालथं घातलं. मी कपाळाला हात लावला. पुस्तकात टब होता!

"पाणी किती गरम हवं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"कोपराला सोसेल एवढं."

बाईंनी मान डोलावली आणि बाहुली एका पायाला धरून उचलली.

"अगं, मान धर त्याची!" आई ओरडली.

कॉलेजात मी ढीगभर पेपर लिहिले आणि त्याचा मला अभिमान आहे. पण कुणी एका पायाला धरून उचलला म्हणून जीव कळवळावा, असा एकही विषय माझ्या वाट्याला आला नाही.

बाईंनी दचकून बाहुली छातीशी धरली, एका हाताने तिची मान सावरत दुसऱ्याने आईच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं आणि हळूच विचारलं, "आता ठेवू का खाली?"