थोरल्या आप्पांचा अंगठा

आता काय सांगू, आणि कुठल्या तोंडानं सांगू! सासरच्या सगळ्यांत मोठ्या माणसाला मी भर वर्गात चप्पल काढायला लावलीय. मी! जिच्याबद्दल सासूबाई शेजारणीला सांगतात, "सून गुणाची हाय, पण तोंडात जीभ हाय का न्हाय कळत न्हाय."

निपाणीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. लग्नानंतर ही नोकरी ठेवायची की सोडायची, ते थोरले आप्पा ठरवणार होते. थोरले आप्पा म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. राहतात गावाकडे. "दिवाळीपतोर बघू," एवढाच त्यांचा निरोप आला होता. आणि दिवाळी तर तोंडावर आलेली!

त्यातच बेळगावात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. हवामानबदल आणि उत्क्रांती न डगमगता कसं शिकवायचं, याचं. शेवटी आपापल्या वर्गात एक पाठ घ्यायचा आणि प्रशिक्षणाच्या मॅडम मागच्या बाकावर बसून बघणार.

"पाठ चालू असताना एक चिडलेला पालक आत घुसेल," मॅडम म्हणाल्या. "तो आपल्यातलाच कुणीतरी शिक्षक असेल. कोण, ते सांगणार नाही. घाबरायचं नाही. त्याच्या रोजच्या बघण्यातलं उदाहरण देऊन समजवायचं."

माझ्या वाट्याला उत्क्रांती आली. पाठाचा दिवस उजाडला. फळ्यावर माणूस आणि माकड काढून होतंय तोवर दारात पटका, झुपकेदार मिशा आणि गडगडाट!

"व्हय गं, काय शिकवाय लागलीस पोरास्नी? आमी माकडाची अवलाद व्हय?"

आला आपला पालक! माझा जीव भांड्यात पडला. तयारी तरी किती! धोतराला चिखलसुद्धा लावून आलाय. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सर, मिशा लई खऱ्या वाटतात. आवाज तेवढा बेतानं, पोरं घाबरतील."

ते माझ्याकडे बघतच राहिले. काय अभिनय!

मग मी मोठ्यानं सांगितलं, "आजोबा, माकड आपला आजा नव्हे. लांबचा भाऊबंद. दोघांचा मूळपुरुष एक, पण लई लई मागचा."

"भाऊबंद? मग वाटणी मागंल की त्यो!"

"मागतोच की! तुमच्या भुईमुगात कोण शिरतंय?"

पोरं खिदळली. मॅडमनी मान डोलावली. मला तर काय, पंखच फुटले!

"माकडाच्या पायाचा अंगठा बाजूला असतो, फांदी धरायला. आपला सरळ रेषेत आला, चालायला. काढा चप्पल, दाखवा पोरांना!"

"मी? चप्पल?"

"काढा, काढा! लाजताय काय?"

त्यांनी चप्पल काढली. मी खडू घेऊन खाली वाकले आणि तशीच राहिले.

अंगठा वाकडा होता. गाडीच्या चाकाखाली सापडून वाकडा झालेला.

अहो, लग्नात पदर कपाळापर्यंत ओढून मी सासरच्या सगळ्यांच्या पाया पडले होते. तोंडं कुणाची बघितली? पाय मात्र पाठ! आणि हा अंगठा तर साताजन्मात विसरणार नव्हते. "जरा जपून, थोरल्या आप्पांचा दुखरा पाय हाय," असं सासूबाई कानात म्हणाल्या होत्या.

मी तिथंच पदर डोक्यावर घेऊन पाया पडले. आप्पांनी चप्पल घातली आणि तडक निघून गेले.

गेली नोकरी! ठरवायच्या आधी शाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आले असणार, आणि मी हे दाखवलं! आता पुढचं काय शिकवणार? तेवढ्यात दारात दुसरा माणूस. "मॅडम, हे असलं शिकवायचं नाही आमच्या मुलांना!"

म्हटलं, हे त्यांचे भाऊ, धाकटे आप्पा असणार. पदर आणखी पुढे ओढला. "चुकलं माझं. तुम्ही म्हणाल तसंच," असं म्हणत त्यांच्याही पाया पडले.

"उठा मॅडम, उठा!" ते कुजबुजले. "मी चिकोडीचा, ट्रेनिंगमधला!"

मॅडमचा शेरा असा: 'पहिल्या पालकासमोर उत्कृष्ट. दुसऱ्यासमोर विषयच सोडून दिला.'

संध्याकाळी घरी आले तर सोप्यात थोरले आप्पा. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी, हातात चहा.

"सुनंला शाळंला जाऊ द्या," आप्पा म्हणाले.

सासूबाईंना खरं वाटेना. "जाऊ द्या?"

"व्हय. तितं बोलून मोकळी हुतीया, म्हणून हितं गप असतीया. शाळा बंद केलीसा, तर ते समदं आपल्याला ऐकावं लागंल!"

मी खाली मान घालून चहा पुढे केला. आप्पांनी आधी दोन्ही पाय धोतराखाली ओढून घेतले आणि मगच कप उचलला.