वायरींचे रंग मी सांगायचे

लग्न करून वारंगा फाट्याला आले तेव्हा आमच्या ह्यांचं टेपचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि पुढं रोडच्या कडेला दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. ट्रकवाले, जीपवाले थांबायचे. तेव्हा गाडीला टेप बसवणं सोपं होतं. जीप कंपनीतून यायची ती मुकीच. बॅटरीकडून एक वायर आणायची, एक बॉडीला लावायची, मागं दोन स्पीकर ठोकायचे, झालं. वायर ह्यांच्याच बंडलातून कापलेली, त्यामुळं कोणती कुठून कुठं गेली हे ह्यांना पाठ असायचं. रंगाशी संबंध यायचा नाही.

रंगाचं मला कळलं ते मिरचीच्या वावरात. लग्नानंतरचा पहिलाच तोडा. सासूबाईंनी पिकलेली लाल मिरची तेवढी वेचायला सांगितली होती. हे माझ्या शेजारच्या ओळीत. माझी टोपली निम्मी भरली तरी ह्यांच्या टोपलीत मूठभर, आणि त्यात हिरव्याच जास्त.

"काय करून राहिले? डोळे मिटून तोडता का?" मी हसत म्हणाले.

हे खाली बघून तोडत राहिले. सासूबाई लांबून म्हणाल्या, "त्याला नको लावू मिरचीला. त्याला न्हाई कळत."

घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोलत नसे. पुढं ह्यांनीच एकदा सांगितलं. बसच्या ड्रायव्हरकीच्या भरतीला गेले होते. डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. बाकीच्या पोरांना त्यात आकडे दिसले, ह्यांना नुसते ठिपके. फाट्यावर येऊन लोकांना उंची कमी भरली म्हणून सांगितलं. लाल, हिरवा, तपकिरी, हे सगळे रंग ह्यांना एकाच मातकट कुटुंबातले वाटायचे. पिवळा आणि निळा मात्र बराबर दिसायचा.

"फाट्यावर कोणापाशी बोलू नको," एवढंच ते म्हणाले. मी कशाला बोलते.

काही वर्षं अशीच गेली. मग फाट्यावरून जाणाऱ्या गाड्या बदलल्या. नांदेडहून, औरंगाबादहून जुन्या कार लोक विकत आणू लागले. त्यांच्यात कंपनीचाच टेप बसवलेला असायचा. लोकांना तो नको असायचा. कोणाला सीडी वाजवायची, कोणाला मागं धमधम वाजणारा मोठा बूफर पाहिजे. कंपनीचा टेप ओढून बाहेर काढला की मागं पांढरं सॉकेट आणि त्यातून निघालेला वायरींचा झुबका. दहा-बारा वायरी, प्रत्येकीचा रंग वेगळा, वर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ. नव्या टेपच्या वायरींचे रंग ठरलेले होते. पिवळी म्हणजे कायम करंट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावरचा, काळी बॉडीची. पण गाडीच्या कंपनीनं आपल्या मनाचे रंग घातलेले. एका गाडीत तपकिरी वायरीत करंट, तर दुसरीत तपकिरीच वायर स्पीकरची. म्हणून एकेक वायर तपासून ओळखावी लागे, आणि ओळखली की तिचा रंग ध्यानात ठेवावा लागे. तिथंच ह्यांचं घोडं अडायचं.

एक दिवस भाकरी घेऊन दुकानावर गेले, तर हे एका गाडीत डोकं घालून बसलेले, घामानं निथळून. मालक चहाला गेला होता. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "ह्या दोन वायरी बघ. एकच हाय का येगळी?"

"येगळी. ही पिकलेल्या चिंचेच्या रंगाची, ही पोपटी."

"नीट सांग."

"आता अजून कसं सांगू? पोपटी, काळ्या काठाची."

त्या दिवसापासून मी वायरींचे रंग सांगायला लागले. इंग्रजी नावं मला येत नव्हती आणि ह्यांना त्या नावांचा उपयोगही नव्हता. मी लुगड्याच्या दुकानात सांगावं तसं सांगायचे. वांगी रंग, अबोली, राखेचा, राखेचा काळ्या काठाचा. वायरीवरच्या रेघेला आम्ही काठच म्हणू लागलो. गिऱ्हाईक जवळ असलं तर मी कुजबुजायचे. लोकांना वाटायचं बाई मदतीला आली, पक्कड-चिकटपट्टी हातात द्यायला.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर त्याचा शीण आला. सकाळी उठून पाणी भरायचं, लेकरांचं आवरायचं, स्वयंपाक, मग वावरात जायचं, की तेवढ्यात कोणीतरी निरोप घेऊन यायचं, दुकानावर बोलावलंय. उन्हाळ्यात बंद गाडी म्हणजे भट्टी. पायाकडच्या जागेत वाकून, मान वाकडी करून, डॅशबोर्डच्या आतला अंधार बघायचा. बाहेर चार बाप्ये उभे, बघत. पदर सांभाळायचा की वायर धरायची. संध्याकाळी मान वळत नसे. चुलीपुढं बसले की डोळ्यांसमोर वायरीच यायच्या. सासूबाई म्हणायच्या, बाईमाणसानं गाडीत काय डोकं घालावं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप यायचा.

अशात माझे वडील वारले. माझं माहेर हिंगोलीच्या पलीकडच्या गोरेगावचं. मी लेकरांना सासूबाईंपाशी ठेवून गेले. दहावा झाला, तेराव्याला अवकाश होता. आईजवळ बसून दाळ निवडत होते, तर दारात जीप थांबली आणि हे उतरले. दहाव्याला येऊन परत गेलेलं माणूस पुन्हा कसं आलं म्हणून सगळे बघायला लागले. ह्यांनी पाणी घेतलं, आईपुढं बसून राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी जळाली."

"कोणाची?"

"बाळापूरकडच्या माणसाची. सगळी न्हाई जळाली. नवा टेप जळाला. धूर निघाला. तो दुकानापुढून हालायला तयार न्हाई."

आखाडा बाळापूरच्या बाजूचा एक हळदवाला शेतकरी होता. नांदेडहून जुनी कार घेऊन आला होता. ह्यांनी त्याला थांब, दोन दिवसांनी करतो म्हणायला पाहिजे होतं. पण तो म्हणाला आजच पाहिजे, आणि हे म्हणाले करून देतो. बल्ब लावून वायरी बराबर ओळखल्या होत्या. करंटच्या वायरीवर बल्ब पेटतो, ते बघायला रंग कळावा लागत नाही. सॉकेट कापून ओळखलेल्या वायरी एका बाजूला वाकवून ठेवल्या, आणि मालकानं चहाला हाक मारली. परत येईपर्यंत वायरी एकमेकींत मिसळल्या. करंटची तपकिरी आणि मागच्या स्पीकरची हिरवी, ह्यांना दोन्ही एकच. पुन्हा तपासायचा कंटाळा केला आणि जोडून टाकल्या. फ्यूज घातला तसा टेपमधून धूर.

मी आईकडं बघितलं. तिनं न ऐकताच ओळखलं असावं. म्हणाली, "जा बाई. माणूस खोळंबलाय तर जा. तेराव्याला ये."

गोरेगाव ते हिंगोली जीपमध्ये, हिंगोलीहून बसनं कळमनुरी, तिथून पुढं फाटा. आम्ही दोघं शेजारी बसलो. मला वडलांसाठी रडायचं होतं, पण बसमध्ये माणसं होती, आणि डोक्यात सारखं येत होतं की हिरव्याला कोणता काठ असेल. त्याचाच मला राग आला. ह्यांचा नाही, कोणाचाच नाही, पण राग आला.

दुकानापुढं गाडी उभी होती. मालक बाजेवर बसलेला. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, नखांना हळदीचा पिवळा रंग. मला बघून उठला नाही.

"हिला आणायला गेलते व्हय तुमी? मला वाटलं नांदेडहून मोठा मिस्त्री आणून राहिले."

"गाडीत बसा. किल्ली फिरवायला माणूस लागंल," हे म्हणाले.

तो बसला. मी पायाकडच्या जागेत वाकले. हे माझ्या मागं, बाहेरून हात घालून. आधी फ्यूज काढून चुकीचे जोड सोडवले. मग एकेक वायर सुटी करून टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून फाकवली आणि फ्यूज परत घातला. बल्बची एक बाजू बॉडीला, दुसरी एकेका वायरीला. तपकिरीवर बल्ब किल्ली न फिरवताच पेटला.

"तपकिरी, लाल काठाची. कायम करंट."

"धर ती बाजूला. मालक, किल्ली."

किल्ली फिरली. अजून एकीवर बल्ब पेटला.

"राणी रंगाची. बिनकाठाची."

गाडीचे दिवे लावले की एका वायरीवर बल्ब पेटतो, ती टेपच्या बटणांमागच्या उजेडाची. तीही सापडली. मग हिरवी उचलली आणि सांगायला तोंड उघडलं तर आवाजच निघेना. सकाळपासून नीट पाणीही प्याले नव्हते. हे मागून म्हणाले, "कोणता हाय? अगं, कोणता हाय सांग ना."

मालकानं मान खाली घालून बघितलं. आमच्या तोंडांकडं पाळीपाळीनं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "वायर तुमच्या डोळ्यांपुढं हाय. बायकोला काहून विचारून राहिले? तुमाला दिसत न्हाई का?"

नेहमी अशा वेळी हे काहीतरी जुळवून सांगायचे. अंधार आहे, चष्मा घरी राहिला. मी वाट बघत होते. हे म्हणाले, "दिसतं. लाल-हिरव्यातला फरक दिसत न्हाई. लहानपणापासून."

मालक सीटवर सरळ झाला. मग म्हणाला, "आधी काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गाडी दिली असती का?"

तो किल्ली धरून समोरच्या काचेतून बघत राहिला. मग मलाच म्हणाला, "वैनी, बाहेर या. पाणी प्या आधी. घाई न्हाई."

मी पाणी प्याले. टपरीच्या मागं जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच रडून घेतलं. कोणी हाक मारली नाही.

स्पीकरच्या वायरींना करंट नसतो. तिथं छोट्या सेलची टोकं लावायची, ज्या स्पीकरमधून खट् आवाज येईल तो त्या जोडीचा. मी सेल लावायचे आणि मालक कान देऊन सांगायचा, पुढचा डावा, मागचा उजवा. हे जोड मारून काळी चिकटपट्टी गुंडाळत होते. कडेला जळालेला टेप पडला होता, त्याचा करपट वास अजून होता. नवा टेप ह्यांनी आपल्या पदरचा लावला. दिवस मावळता मावळता चारही स्पीकर वाजले. मालकानं बटण डावीकडं-उजवीकडं फिरवून बघितलं. वा म्हणाला नाही, रागही दाखवला नाही. जाताना मला विचारलं, "घरी कोणी गेलंय का तुमच्या?" माझ्या तोंडावरून कळलं असेल. मी हो म्हणाले. त्यानं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा गोरेगावला गेले.

परत आले तोवर गोष्ट फाट्यावर पसरली होती. त्या हळदवाल्यानं वाईटपणानं सांगितली असं नाही वाटत. चहाच्या टपरीवर सांगितली असेल, तिथून सगळीकडं. मग सुरू झालं. ट्रकवाला खाली उतरायचा आणि रुमाल पुढं धरायचा, "मिस्त्री, हा कोणता रंग?" पोरं शाळेतून जाताना विचारायची. मोठी माणसंही. पहिल्यांदा हे उत्तर द्यायचे, चुकलं की लोक हसायचे, बराबर आलं तरी हसायचे. मग हे उत्तर द्यायचे बंद झाले. हातातलं काम करत राहायचे. कित्येक महिने असं चाललं. कंटाळून लोकच थांबले.

काही गिऱ्हाइकं तुटली. जी आली ती टपरीसमोर गाडी लावून आधी विचारायची, "बाई हाय का?" पूर्वी मी लपून मदत करायचे, आता माझ्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही असं झालं. वावर बटईनं, निम्म्या वाट्यानं दिलं. सासूबाई अंथरुणाला लागल्या होत्या, त्यांना भरवून मी दुकानावर यायचे आणि मध्येच घरी पळायचे. एकदा ह्यांना म्हणाले, "मला आता होत न्हाई."

"मला दिसून राहिलंय," हे म्हणाले.

त्यांनी उपाय काढला. सॉकेट कापण्याआधी प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावायची आणि पेनानं लिहायचं, करंट, किल्ली, पुढं डावा. काम दुप्पट वेळ खायचं. गिऱ्हाईक चुळबूळ करायचं. तरी आठवड्यातले दोन-तीन दिवस मला घरी राहता येऊ लागलं. त्या दिवसांतही दुपारी कोणाच्या पायांचा आवाज आला की निरोपच आला असं वाटून मी उठून बसायचे.

पुढं नांदेडच्या बाजारात तयार सॉकेट मिळायला लागली. गाडीप्रमाणं वेगळी. एक बाजू गाडीच्या सॉकेटात बसते, दुसरी नव्या टेपच्या. कापायचं नाही, ओळखायचं नाही, रंग बघायचा नाही. ह्यांनी पहिलं आणलं तेव्हा मला दाखवलं. मी हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं.

ते बसवायच्या दिवशी हे एकटेच गेले. सूर्य डोक्यावर यायच्या आत जेवायला घरी आले. हात धुतले, ताटावर बसले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. नुसतं खटकन बसलं."

मी भाकरी वाढली. हे जेवले आणि तिथंच चटईवर आडवे होऊन झोपले. मी सासूबाईंच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, भांडी मोरीत ठेवली आणि बाहेर ओट्यावर येऊन बसले. रोडवरून गाड्या जात होत्या. आता त्यांच्यासाठी निरोप यायचा नव्हता. भांडी घासायची होती, पण माझ्यानं उठवेना. दुपार कलली, ऊन ओट्यावरून सरकून भिंतीवर चढलं, तरी मी तशीच बसून होते.