शुक्रवारी तो येत नाही

मशीहावर माझा विश्वास नव्हता, एवढंच असतं तर बरं झालं असतं. मला त्याची वाट पाहणाऱ्यांचा रागच यायचा. आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. वडील पाटबंधाऱ्याच्या कामासाठी कोकणातून नळदुर्गला आले आणि इथलेच झाले. गावात आमच्या लोकांचं घर हे एकच. वडील कामगार चळवळीतले, आता हयात नाहीत. मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. आई मात्र रोजच्या प्रार्थनेत मशीहा मागते. शेजारी विचारत, म्हणजे तुमचा अवतार का? आई सांगायची, "अवतार नव्हे हो, माणूसच. दावीद राजाच्या वंशातला, आईच्या पोटी जन्मलेला. त्याची पूजा करायची नसते. तो आला की लढाया थांबतील, कुणी कुणाला नाडणार नाही. अजून नाडतात ना? मग तो आलेला नाही." त्याच्या आधी वर्दी द्यायला एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, येणार. वाट रोज पाहायची, पण तो कधी येईल याचा हिशोब मांडायचा नाही, अशी आमची शिकवण. मला वाटायचं, असल्या वाट पाहण्यानंच माणसं हात बांधून बसतात.

गेल्या उन्हाळ्यात पाण्यासाठी आसपासच्या गावांनी महामार्गावर रास्ता रोको ठरवला, तेव्हा पत्रक मीच लिहिलं. 'कुणी तारणहार येणार नाही, आपणच रस्त्यावर बसायचं,' ही त्यातली ओळ माझी. मागणी रास्त होती, आजही आहे.

तो दिवस शुक्रवार. मी निघायच्या तयारीत असतानाच आईचा जुना दमा उसळला. गावातल्या डॉक्टरांनी वाफ दिली, इंजेक्शन दिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोलापूरला हलवा. थांबू नका." रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेजारच्या चाचांनी जीप काढली. पेशंटची गाडी आंदोलक अडवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, हा विचारच मी केला नव्हता. ट्रकला ट्रक चिकटून लांबच लांब रांग लागलेली, कडेच्या मुरमावरही मोटारी घुसलेल्या. बघता बघता आमच्या मागंही टँकर येऊन थांबला. पुढं नाही, मागं नाही.

आईचे ओठ निळसर पडू लागले. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता. समोरच्या ट्रकच्या फाळक्यावर माझं पत्रक डकवलेलं. आईनं ते पाहिलं आणि दोन धापांच्या मधे म्हणाली, "छपाई... बरी आलीय." मला रडूच फुटलं. जन्मात कधी न केलेली गोष्ट मी केली. मोठ्यानं म्हणाले, "एलियाहू हन्नाबी, ये रे बाबा!"

आईनं मान हलवली. "आज शुक्रवार. आज तो येत नाही."

आमच्यात वडीलधारे तसं सांगतात. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, लागतो. त्याआधी घरोघरी रांधणं, झाडलोट, दिव्याची तयारी चाललेली असते. अशा वेळी त्यानं वर्दी दिली तर बायाबापड्यांना हातातलं काम टाकून धावावं लागेल. तो त्रास नको म्हणून तो त्या दिवशी टाळतो. लहानपणी मी यावर खूप हसायची. त्या जीपमध्ये मात्र हसू आलं नाही. हाक मारायला एकच नाव, आणि आज तेही दार बंद.

तेवढ्यात कुणीतरी काचेवर थाप मारली. डोक्यावर पदर घेतलेल्या एक मावशी होत्या, आंदोलनातल्याच, हातात पाण्याची बाटली. "म्हातारीला लई धाप लागलीया की! आन् तू रडत काय बसलीस, पोरी?" उत्तराची वाट न बघता त्या पुढच्या ट्रककडे गेल्या. "ए दादा, घे की जरा डाव्या अंगाला! तुला न्हाय का माय?"

"माय हाय, पर जागा कुठं हाय मावशे?" ड्रायव्हर ओरडला.

"जागा करावी लागती!"

एक ट्रक हातभर सरकला, मग त्याच्या पुढचा. मावशी प्रत्येक दारावर थाप मारत चालल्या आणि चाचा त्यांच्यामागं इंचाइंचानं जीप काढू लागले. पुढं बसलेल्या बायामाणसांनी उठून वाट दिली. मला वाटलं, मावशी आता आपल्या जागेवर बसतील. पण मला आईला नीट धरता येईना हे पाहून त्या मागच्या सीटवर चढल्या, आईला छातीशी टेकवून ताठ धरलं आणि सोलापूरपर्यंत तसंच धरून ठेवलं. मला प्रत्येक श्वास शेवटचा वाटत होता. त्या नुसत्या म्हणत होत्या, "घ्या. आता सोडा. घ्या."

ऑक्सिजन लागला, रंग परतला. मी बाहेर येऊन पाहते तो मावशी परतीच्या एसटीनं गेलेल्या. आईला म्हणाले, "शुक्रवार असूनही आला की गं तो." तिनं मास्क बाजूला केला. "तो नाही आला. बाई आली. नाव विचारलंस तिचं?"

नव्हतं विचारलं. मी आकाशातून उतरणारा कुणी शोधत होते आणि शेजारी बसलेलं माणूस मला पुरतं दिसलंही नव्हतं.

पुढं विचारत विचारत त्यांचं गाव सापडलं. कौसाबाई त्यांचं नाव. त्यांना घरी बोलावून एलियाहूच्या नावानं आम्ही आभाराचा मलिदा केला, परातीत गोड पोहे, खोबरं, फळं. कौसाबाई "जयभीम" करत दारात आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर आईला म्हणाल्या, "तुमचा त्यो आला म्हंजी पाणी येईल व्हय?"

"येईल," आई म्हणाली. "तोवर तुम्ही रस्ता सोडू नका."

दोघी इतक्या हसल्या, की आईला पुन्हा धाप लागली आणि माझा जीव टांगणीला. ही भीती गेलेली नाही. जाईल असंही वाटत नाही. पत्रकं मी अजून लिहिते. पण आता रोज आईशेजारी उभी राहून प्रार्थनाही म्हणते, कारण त्या दिवशी कळलं की तिचा एकही श्वास माझ्या मुठीत नव्हता. तो दिला गेला होता. तिचा श्वास आत जातो, बाहेर येतो. मी आभार मानते, आणि पुढच्यासाठी कान देऊन थांबते.