साठची कॅसेट

रत्नागिरीच्या बाजारात केरू तांबेइतका खवट माणूस शोधून सापडायचा नाही, असं लोक म्हणतात. लोक खोटं बोलत नाहीत. पण तो असा का झाला हे विचारलं, की याच लोकांना एकदम घरची कामं आठवतात.

एकेकाळी केरूचं 'प्रबुद्ध कॅसेट सेंटर' म्हणजे बाजाराचं नाक होतं. दुकान केवढं, तर दोघे आत शिरले की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. म्हणून केरूने दारासमोर गटारावर फणसाची एक जाड फळी टाकली होती. मिरकरवाड्याचे खलाशी कव्वाल्या भरून घ्यायला यायचे, बौद्धवाड्यांतली माणसं भीमगीतांना, भजनी मंडळी अभंगांना, कॉलेजातली पोरं सिनेमाच्या गाण्यांना. कॅसेट भरून होईपर्यंत सगळे त्या एका फळीवर मांडीला मांडी लावून. चहा यायचा, लग्नं जमायची, मोडायची, निवडणुकीत कोण येणार ते तिथेच ठरायचं आणि हमखास चुकायचं. चहा बहुतेक वेळा केरूचाच असायचा.

पण केरूचं खरं नाव झालं ते जाखडीमुळे, म्हणजे आपल्या कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या नाचगाण्यामुळे. गणपतीत गावोगाव सामने लागायचे. शक्तीवाला शाहीर गाण्यातून सवाल टाकणार, तुरेवाला गाण्यातूनच जबाब देणार, आणि केरू मंडपाच्या खांबाला माईक बांधून सगळं टेपवर घेणार. गौरी-गणपती गेले की चाकरमानी मुंबईची गाडी धरायचे, तेव्हा आंबापोळीच्या साटांबरोबर केरूची कॅसेट पिशवीत असायचीच. तिकडे चाळीत ती वर्षभर वाजायची. शाहिराची इभ्रत त्या कॅसेटवर तरायची किंवा बुडायची.

चौऱ्याण्णव साली केरूच्या हातून चूक झाली. तो नेहमी नव्वद मिनिटांची कॅसेट लावायचा. त्या दिवशी नव्वदच्या संपल्या होत्या म्हणून साठची लावली. शक्तीवाल्याने सवाल टाकला की पावसाचं पाणी गोड, नदीचं पाणी गोड, मग सगळ्या नद्या पोटात घेऊन दर्याच खारट का? आणि सवाल टाकता टाकता त्याने अशी काही लांबण लावली की तिथेच कॅसेट संपली. समोर तुरेवाला होता भागोजी शाहीर. त्याने जबाब असा दिला की माणसं उठून नाचली. पण तो जबाब गेला दुसऱ्या कॅसेटवर. सकाळी गाड्या सुटणार होत्या, लोकांना घाई, तेव्हा केरूने पहिलीच कॅसेट धडाधड भरून वाटली आणि दुसरी मागाहून पाठवतो म्हणाला. मागाहून म्हणजे आपल्याकडचं मागाहून, ते काय सांगायला हवं?

मुंबईत सवाल पोचला, जबाब पोचलाच नाही. मंडपात होते ते मूठभर, कॅसेट ऐकणारे हजारो; आठ दिवसांत चाळीचाळींतून बोभाटा झाला की भागोजीची बोबडी वळली.

भागोजी गावाहून तरातरा बाजारात आला तेव्हा फळीवर अकरा माणसं होती. केरूने ती मोजली होती, आजही नावानिशी सांगतो. दुसरी कॅसेट त्या क्षणी डेकमध्येच होती, भरायचं काम चालू होतं. चूक आपली आहे हे केरूला पुरतं कळत होतं, आणि शाहीर, बसा, जबाब भरतोच आहे, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण भागोजी बसला नाही. त्याने केरूची जात काढली.

"तुमच्या लोकांच्या हातात गाणं दिलं," तो म्हणाला, "की ते असंच बाटायचं."

केरूने फळीकडे बघितलं. त्याच्या चहावर पोसलेली अकरा माणसं. कुणी वर बघितलं नाही. शेजारचा सदू शिंपी, ज्याच्या मुलीच्या लग्नात केरूने तीन दिवस फुकट लाऊडस्पीकर वाजवला होता, तो आपल्या चपलेचा अंगठा असा न्याहाळत बसला की जणू तो आजच तुटलाय. केरूला भागोजीचा राग आलाच, पण त्या अकरा जणांनी त्याच्या काळजाला जो डाग दिला तो वेगळाच. त्याने डेक बंद केला, कॅसेट काढून खिशात टाकली आणि कामाला लागला. त्या दिवसापासून त्या जबाबाचं नाव त्याने काढलं नाही.

भागोजीला सुपाऱ्या यायच्या थांबल्या. दोन वर्षांत त्याने ढोलकी खुंटीला टांगली ती कायमची. त्याच्या मुलाने, अनिलने, पुढे केरूच्या दुकानाला लागूनच मोबाईलचं दुकान थाटलं आणि पहिलं काम काय केलं, तर फळी रस्त्यात येते म्हणून तक्रार ठोकली. माणसं आली, फळी उपटली. केरू भांडला नाही. फळी उचलून त्याने दुकानात मागच्या भिंतीला उभी करून ठेवली. बसणारे तसेही मनातून उठलेच होते.

तोवर सीडी येऊन गेलीही होती. मग लोक मेमरी कार्ड भरायला अनिलकडे जाऊ लागले, आणि शेवटी गाणीच प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसली. केरू रिमोट, सेल आणि मिक्सरचे कपलिंग विकत राहिला. दुकान रोज नऊला उघडायचं म्हणजे उघडायचं. कुणी विचारलं की कशाला उघडतोस, तर तो म्हणायचा, तुझं तोंड बघायला नाही एवढं नक्की.

आता गंमत बघा. लोक घरबसल्या सगळं मागवायला लागले, अनिलचं दुकानही ओस पडलं, तेव्हा या शहाण्यांना साक्षात्कार झाला की बाजारात माणूस बसत नाही म्हणून बाजार मेलाय. व्यापाऱ्यांनी ठराव केला की दर रविवारी संध्याकाळी गल्लीत गाड्या बंद, बाकडी टाकायची, गाणी लावायची, लोकांनी येऊन गप्पा मारायच्या. नाव दिलं 'रविवारचा कट्टा'. आणि अध्यक्ष कोण, तर अनिल! फळी उपटणारा माणूस बाकड्यांच्या खरेदीला निघाला, हे ऐकून केरू इतका हसला की त्याला ठसका लागला.

जुन्या गाण्यांसाठी केरूकडे यायची अनिलची छाती नव्हती. त्याने मुलीला पाठवलं. नम्रता कॉलेजात शिकवायची, बोलायला गोड, आणि मुख्य म्हणजे खरं बोलायची. ती म्हणाली, केरूकाका, कट्ट्याचं निमित्त आहे, पण मी माझ्या कामाला आलेय. आजोबा चौऱ्याऐंशीचे झाले. रोज एकच विचारतात, माझा जबाब कुणी ऐकला का? तुमच्याकडे ती दुसरी कॅसेट आहे का?

केरूने तिला बसायला स्टूल दिलं, त्यावरून समजा त्याला काय वाटलं असेल ते. पण तोंडाने म्हणाला, "हाय. माझी फळी होती तिथं बसवा. आणि तुझ्या आजोबाला तिच्यावर आणून बसव. मग बघू."

घरी विमलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला फैलावर घेतलं. तिला एकटीला ठाऊक होतं की दर गणपतीत हा माणूस दुकानाचं दार लोटून ती कॅसेट एकदा पुरी ऐकतो. ती म्हणाली, अहो, म्हातारा जायच्या वाटेवर आहे, द्या आणि मोकळे व्हा. केरू म्हणाला, मी का म्हणून मोकळा होऊ? त्याने मला जखडलंय, सोडवायचं तर त्यानेच सोडवायला हवं. विमलाने पुढे ताणलं नाही, कारण त्या दिवशी त्या फळीमागे, दुकानाच्या दारात, तीही उभी होती आणि तिनेही ते ऐकलं होतं.

रविवारी फळी बसली. अनिलने स्वतः खाली विटा लावल्या, आणि केरूने दारात उभं राहून, तिरक्या लावल्यास म्हणत, त्या दोनदा काढायला लावल्या. पाच वाजता गल्ली भरली. नव्या बाकड्यांवर पोरं, फळीवर म्हातारी खोडं. सदू शिंपी आला आणि फळीच्या टोकाला अंग चोरून बसला. रिक्षातून भागोजी उतरला, नातीच्या खांद्यावर हात, तोंडात दात नाहीत, पण मान तशीच ताठ. नातीने त्याला फळीवर बसवलं. केरूने त्याला नमस्कार केला नाही.

केरूने पहिली कॅसेट लावली. ढोलकी वाजली तशी बाकड्यावरची पोरंही बोलायची थांबली. नदी गोड, पाऊस गोड, मग दर्या खारट का? सवाल वर चढत गेला आणि खट्कन तुटला. केरूने दुसरी कॅसेट वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

"शाहीर, जबाब माझ्या हातात हाय," तो म्हणाला. "तीस वर्षं हाय. त्या दिवशी तुम्ही हितं जे बोल्लात ते हितंच परत घ्या. मग लावतो."

 अनिल पुढे सरसावला, हा काय सौदा लावलाय म्हणून. नम्रताने बापाचा हात धरला. भागोजी खाली गटाराकडे बघत बसला. केरूने दाराला धरलं. म्हातारा उठून निघून गेला असता तर? तर तीस वर्षं जपलेल्या या कॅसेटचं काय करायचं, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं.

"मी बोल्लो ते घाण होतं," भागोजी म्हणाला. "बाटवलं मी. परत घेतो."

टोकाला सदू शिंप्याने तोंडावर उपरणं घेतलं. केरूने ते बघितलं आणि त्याला काडीचीही दया आली नाही.

त्याने कॅसेट घातली, बटण दाबलं. आधी खरखर, मग ढोलकीचे चार ठोके घोगरे घोगरे, आणि मग डेकने फीत गिळली. केरूने झडप घातली तोवर ती तुटून वेटोळ्याने बाहेर आली होती. पांढरी बुरशी तिच्यावर, यंदाच्या पावसाची. यंदाच्या गणपतीत गुडघ्याने धरलं म्हणून त्याने ती बाहेर काढलीच नव्हती, आणि आजही आधी लावून बघितली नव्हती.

अनिल भडकला. म्हाताऱ्याच्या तोंडून वदवून घेतलंस आणि आता थट्टा करतोस, मुद्दाम केलंस हे, असं म्हणत तो दुकानात शिरला. लोकही कुजबुजायला लागले, जे लोक त्या दिवशी कुजबुजलेही नव्हते.  भागोजीने मात्र केरूच्या हातातल्या फितीकडे बघितलं आणि खाली बघितलं, आणि त्या मानेतला ताठा केरूच्या डोळ्यांदेखत गेला.

तेव्हा केरूने गायला तोंड उघडलं. त्याचा आवाज म्हणजे काय, गंजलेलं दार. जन्मभर दुसऱ्यांची गाणी भरली, स्वतः कधी ओळ म्हटली नाही. पण दर वर्षी एकदा, दार लोटून, शब्दन् शब्द ऐकलेला. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं, मग दुसरं आलं.

"देत देत जाय नदी, म्हणून तिचं पाणी गोड,
घेऊन बसला दर्या सारं, म्हणून मिठाची त्याला जोड."

ही ओळ त्याने तीस वेळा ऐकली होती. स्वतःच्या तोंडून निघाली तेव्हा मात्र ती त्याला अशी लागली की पुढची ओळ निघेना.  अनिल होता तिथेच थांबला. फळीवर कुणी हललं नाही, पण या वेळी सगळे केरूकडे बघत होते.

भागोजीने काठी आपटली.

"तिसरं कडवं गाळलंस," तो म्हणाला.

"गाळलं नाय," केरू खेकसला. "दम खातोय. तुमचं गाणं लांब हाय."

आणि डोळे पुसून तो फळीच्या दुसऱ्या टोकाला, सदूला सरक म्हणत, बसला, आणि त्याने तिसरं कडवं धरलं.