मॉरिसचा धूर

आमच्या वाडीतले नाना त्रिलोकेकर दर रविवारी सकाळी आपली गाडी पुसत, आणि दौलत गमरे ती साफ करी. ही दोन कामं वेगळी आहेत हे नानांना कधीच कळलं नाही.

गाडी एकोणचाळीस सालची काळी मॉरिस. नानांच्या वडिलांनी घेतलेली. वडिलांबरोबर चौपाटीजवळची दोन घरं गेली, भाडेकरू गेले, नोकरचाकर गेले. गाडी आणि आडनाव राहिलं. नाना एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि तिथं ट्रामनं जात. गाडी फक्त रविवारी निघायची. ठाकूरद्वारापासून चौपाटीपर्यंत जायचं, दहा मिनिटं समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं आणि परत यायचं. पावसाळ्यात चार महिने ती ताडपत्रीखाली असे, कारण चिखलानं मडगार्ड खराब होतात. छप्पन्न सालच्या जानेवारीत गिरगावात गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हाही नानांनी ती ताडपत्रीखाली घातली होती. वाडीतली मुलं घोषणा देत बाहेर धावली आणि नाना खाली उतरून ताडपत्रीच्या दोऱ्यांची गाठ नीट बसली आहे की नाही ते बघून वर गेले.

गाडी पुसण्याचा त्यांचा थाट बघण्यासारखा असे. पिवळं फ्लॅनेल, मेणाची डबी, पितळेच्या अक्षरांसाठी वेगळी चिंधी. मागं सायलेन्सरची नळी दिसते म्हणून तिला ते दर गणपतीला चांदीचा रंग देत. नळी तापली की रंग करपून पापुद्रे सुटत. नाना पुन्हा रंग देत. त्या नळीच्या आत काय साठलं आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

तो दौलतला पडे. दौलत डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा, जवळच्याच एका गिरणीत यंत्रांना तेल घालायच्या कामावर होता. लढाईत तो लष्कराच्या मोटार वर्कशॉपमध्ये चार वर्षं होता, आणि त्याचा जीव अजून तिथंच होता. रविवारी सकाळी सहाला तो चालत गिरगावात येई. बॉनेट उघडी, प्लग काढून टोकावरची काजळी तारेच्या ब्रशनं घासी, कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुई, गाडीखाली पाठीवर झोपून सायलेन्सर सोडवी आणि लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके देत त्यातली काजळी वर्तमानपत्रावर पाडी. ओंजळभर निघे.

"नानासाहेब, हे बघा," तो म्हणे. "पोट बिघडलंय आणि तुम्ही कपाळाला गंध लावताय."

"तुझं काम तू कर रे," नाना म्हणत आणि फ्लॅनेल झटकत.

दौलतला गाडीच्या कुठल्याही भागाला हात लावायची मुभा होती. फक्त आत बसायचं नाही. हे त्याला कुणी कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. नाना शिकलेले होते, असल्या गोष्टी ते बोलत नसत. ते म्हणत, "सीटला तेलाचे डाग पडतात." ऑपेरा हाउसजवळच्या गॅरेजातला रमाकांत एकदा बॅटरी बसवायला आला आणि काळ्याकुट्ट पाटलोणीनं स्टिअरिंगमागे अर्धा तास बसला. त्या दिवशी कमलाबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, त्याला वरून चहा पाठवला. तेलाचे डाग माणूस बघून पडत असावेत.

त्यामुळे इंजिन ऐकायचं तर दौलत मागं नळीजवळ उकिडवा बसे, तळहात धुरासमोर धरी, आणि आत बसून पॅडल दाबायचं काम नाना करत.

"दाबा नानासाहेब. अजून. अजून दाबा की, मुंगी मारताय काय?"

"पेट्रोल जळतं रे!"

"ते जळायलाच असतंय."

इतकं असूनही एकोणसाठच्या उन्हाळ्यात दौलतनं ती गाडी ताळ्यावर आणली. इंजिनाचं डोकं उघडून आतला कार्बनचा थर खरवडला, नवी पॅकिंग घातली. नळीतून येणारा धूर पातळ झाला, मग दिसेनासाच झाला. नळीच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून त्यानं नानांना दाखवला. रुमाल पांढराच राहिला. नानांनी रुमालाकडे बघितलं आणि म्हणाले, "बंपर पुसायचा राहिलाय."

दसऱ्याच्या आदल्या रविवारी दौलतनं कधी नव्हे ते नानांकडे काही मागितलं. बसच्या एका डेपोत मेकॅनिक घेणार होते. पुढच्या मे महिन्यात चाचणी होती. लष्करातले त्याचे कागद चाळीच्या आगीत जळले होते, त्यामुळे कामाचा दाखला हवा होता, गाडी असलेल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या सहीचा. गिरणीच्या पिंजण खात्यातल्या कापसानं त्याला खोकला लागला होता. चाळीशीच्या आत बाहेर पडलो तर पडलो, असं तो शांताला, आपल्या बायकोला, रोज सांगे.

"देईन की," नाना म्हणाले. "गाडी अशीच बिनधुराची चालू दे. मेमध्ये पत्र घेऊन जा."

दसरा झाला, आणि पुढच्याच रविवारी मॉरिस काळा धूर ओकू लागली.

दौलतनं प्लग काढले. काळे, ओले. साफ केले, आठवड्यानं पुन्हा काळे. कार्बोरेटर तीनदा खोलला. सायलेन्सर झाडला. पेट्रोल जास्त जातंय हे त्याला वासावरूनच कळत होतं. बॉनेटखाली त्याला चोकची तार ताणलेली दिसली. थंड इंजिन चालू करताना पेट्रोल वाढवायचं ते बटण आत, स्टिअरिंगजवळ असतं. गाडी चालू झाली की ते पूर्ण आत ढकलायचं असतं.

"नानासाहेब, आतलं चोकचं बटण पूर्ण आत आहे ना?"

नानांनी आत वाकून बघितलं. "आत आहे."

दौलतनं मग तारच सैल केली. धूर थांबला, पण सकाळी गाडी चालू होईना. नाना चिडले, त्यांनी तार पुन्हा जोडायला लावली. पुन्हा धूर.

"मला एकदा आत बसून बघू द्या. दोन मिनिटं."

"अरे, मी बघितलं ना? सीटला डाग पडतात, दौलत."

सात महिने हे चाललं. सात महिने दौलत दर रविवारी ती काजळी खरवडत होता आणि नाना दर रविवारी म्हणत होते, "धूर थांबला की पत्र." एप्रिल आला तेव्हा त्याच्या नखांतला काळा रंग साबणानं जाईनासा झाला होता.

एक मेला महाराष्ट्र मिळणार हे ठरलं, आणि ज्यांनी चार वर्षं खिडक्या लावून घेतल्या होत्या त्यांनी एकाएकी कंदील लावले. वाडीच्या मंडळानं गिरगावातून परळपर्यंत मिरवणूक काढायचं ठरवलं आणि पुढं एक मोटार हवी म्हणाले. मोटार एकच होती. नानांनी कोट घातला, फेटा बांधला, आणि गाडीवर झेंडूच्या माळा चढवून, जणू पाच वर्षं तुरुंगात काढून आल्यासारखे स्टिअरिंगमागे बसले. शेजारी कमलाबाई. मागं मंडळाचे दोन पदाधिकारी.

भायखळ्याच्या पुढं मिरवणुकीतली माणसं तोंडाला रुमाल लावून चालू लागली. लेझीमवाली पोरं खोकत होती. लालबागला गर्दी दाटली, गाडी पावलापावलानं सरकू लागली, आणि मसाल्याच्या दुकानांसमोर दोनदा उचक्या देऊन मॉरिस बंद पडली.

"ढकला रे! महाराष्ट्र आला, गाडी राहिली!" कुणीतरी ओरडलं.

"काका, बैल जोडू काय?"

नाना उतरले. घाम पुसत, हसत, लोकांना हात जोडत त्यांनी इकडंतिकडं बघितलं. फुटपाथच्या कडेला दौलत आणि शांता उभे होते. दौलतनं पांढरा शुभ्र, परीटघडीचा सदरा घातला होता. अंगाला तेलाचा थेंब नव्हता, नखांतलं काय ते सोडून.

"दौलत! अरे बघ रे जरा."

दौलत पुढं आला आणि सवयीनं बॉनेटकडे वळला.

"तिकडं कुठं?" शांता म्हणाली. ती हळू बोलली नाही. "सात म्हयने तिकडंच बघताय की. दार उघडं आहे. बसा."

गर्दी बघत होती. नाना गर्दीकडे बघत होते. कमलाबाई घाईनं दुसऱ्या बाजूनं उतरल्या. दौलतनं हात सदऱ्याला पुसले आणि तो आत बसला.

समोरच्या फळीवर खणाची एक छोटी पिशवी लोंबत होती, आत सुपारी आणि अक्षता. काचेतून दौलतला ती कित्येकदा दिसली होती. ती कशाला बांधली आहे ते काचेतून दिसत नव्हतं. त्यानं पिशवी वर उचलली. दसऱ्याच्या पूजेत कमलाबाईंनी हाताला येईल ते बटण ओढून बाहेर काढलं होतं आणि त्याच्या दांडीवर लाल नाड्याचे सात वेढे आवळून वर ही पिशवी अडकवली होती. बटण आत जायला जागाच नव्हती. सात महिने मॉरिस चोक ओढलेल्या अवस्थेत समुद्र बघून येत होती.

दौलत हसला नाही. त्यानं दातांनी नाडा तोडला, वेढे सोडवले, बटण आत ढकललं, जरा थांबला, आणि गाडी चालू करून पॅडल पार खाली दाबलं. सात महिन्यांची काजळी एका झटक्यात मागं उडाली, नेमकी उतरून मागं उभ्या राहिलेल्या पदाधिकाऱ्यांच्या धोतरांवर. लालबागनं टाळ्या वाजवल्या. मग आवाज मऊ झाला. शांता नळीजवळ वाकली, पदराचं टोक नळीच्या तोंडाशी धरलं आणि वर करून दाखवलं. स्वच्छ.

"अहो, काय झालं होतं?" पदाधिकाऱ्यांनी विचारलं.

"किरकोळ," नाना म्हणाले. ते अजून लोकांना हात जोडत होते, आत काय झालं ते त्यांनी बघितलंही नव्हतं. "दौलत, उद्या संध्याकाळी ये. पत्र तयार ठेवतो."

सोमवारी संध्याकाळी दौलत आला. पत्र खरंच तयार होतं आणि, खोटं कशाला बोला, चांगलं होतं. कचेरीच्या कागदावर, इंग्रजीत, टाइप केलेलं. त्यात 'क्लीनर' नव्हतं, 'मेकॅनिक' होतं. दौलतनं ओळीवर बोट ठेवून ते दोनदा वाचलं. घडी घालताना त्यानं सहज वर बघितलं.

गॅलरीतल्या दोरीवर गाडीच्या सीटचं कव्हर वाळत होतं. मॉरिसला चार कव्हरं होती. दोरीवर एक होतं, स्टिअरिंगमागचं. बाकीची तीन खाली गाडीतच होती, कालच्या झेंडूच्या पाकळ्यांसकट.

"एकच धुतलंत?" त्यानं विचारलं.

कमलाबाई कठड्याशी उभ्या होत्या. "डाग पडला होता रे त्याच्यावर."

"कसला?"

"तेलाचा."

दौलतनं कव्हराकडे बघितलं. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. मग त्यानं पत्र नानांसमोर धरलं.

"हे राहू द्या, नानासाहेब."

"अरे, काय झालं? मेकॅनिक लिहिलंय ना? चाचणी परवा आहे तुझी!"

"लिहिलंय. पण खाली सही तुमची आहे. वीस वर्षं गाडी बाळगून ज्याला चोकचं बटण कुठलं ते ठाऊक नाही, त्यानं मेकॅनिकला दाखला द्यायचा? डेपोवाले हसतील. माझं नाव खराब होईल."

नाना लाल झाले. "माज आला तुला. उपाशी मरशील!"

"खोकत मरेन म्हणा. गिरणीत आहे मी."

त्यानं पत्र मॉरिसच्या वायपरखाली खोचलं, नीट, काचेला ओरखडा न उमटू देता, आणि तो गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतरच्याही नाही.

दाखला नाही म्हणून डेपोनं त्याला मेकॅनिक म्हणून घेतलं नाही. धूर सोडणारी एक बस त्याच्यापुढं उभी केली, ती त्यानं तासाभरात दुरुस्त केली, आणि तरीही त्याला हेल्पर म्हणूनच लावून घेतलं, पगार गिरणीपेक्षा कमी. शांतानं त्या काळात चाळीत चार घरचे डबे केले. मेकॅनिकचा बिल्ला मिळायला त्याला दोन वर्षं लागली. खोकला मात्र पहिल्याच वर्षी गेला.

आता दुरुस्त झालेल्या बस रस्त्यावर फिरवून बघायचं काम त्याच्याकडे असतं. मागच्या दसऱ्यानंतरचा एक रविवार होता. ठाकूरद्वारच्या नाक्यावर त्याच्या बसपुढं काळ्या धुराचा एक ढग सरकत होता आणि ढगाच्या पोटात, आरशासारखी चकचकीत, आमच्या नानांची मॉरिस. कमलाबाई दर दसऱ्याला पूजा करतात आणि नवा नाडा बांधतात. सोडवणारा कुणी उरलेला नाही.

दौलतनं बस शेजारी आणली, उंच सीटवरून वाकला आणि ओरडला, "नानासाहेब! बटण आत घाला, बटण!"

नाना दचकले. त्यांनी वर बघितलं नाही. हाताशी आलेलं पहिलं बटण त्यांनी घाईनं दाबून पिरगाळलं, आणि लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर, मॉरिसचे वायपर कुरकुरत हलू लागले.