बाबुलालचा सिनेमा

भीमराजच्या घरात बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत एक निळी वायर जाते. मधली भिंत जाड आहे, तिच्यातून वायफाय नीट पोचत नाही, म्हणून त्याने चौकटीच्या कोपऱ्यात छिद्र पाडून ती ओढून घेतली. वायरच्या या टोकाला जुना कॉम्प्युटर आहे, त्या टोकाला टीव्ही, आणि टीव्हीसमोर लोखंडी पलंगावर कांताबाई. कॉम्प्युटरमध्ये सहाशे चाळीस सिनेमे आहेत. ते या खोलीतून सुरू केले की त्या खोलीत दिसतात.

हे सिनेमे भीमराजच्या लायब्ररीतले. फुलसावंगीच्या बसस्टँडला लागून बावीस वर्षं त्याचं दुकान होतं. आधी कॅसेटी, मग सीडी. लग्नसराईत तो शूटिंगला जायचा, तेव्हा गल्ल्यावर कांताबाई बसायची. पुढे सिनेमे लोकांच्या मोबाइलमध्येच येऊ लागले आणि दुकानाचं शटर एका दिवाळीनंतर उघडलंच नाही. भीमराजने सीडी घरी आणल्या आणि दोन उन्हाळे बसून एकेक कॉम्प्युटरमध्ये उतरवली. लग्नांची शूटिंगही उतरवली.

"काहून करून राह्यले हे?" कांताबाई तेव्हा विचारायची.

"कामी येईन."

कामी आलं. मागच्या श्रावणात कांताबाईची उजवी बाजू गेली. वाचा राहिली, पण शब्द तोंडातून जड पावलांनी येतो. पुसदच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलण्यात इकडचं तिकडे होईल, माणसांची नावं चुकतील, घाबरू नका.

भीमराज सहासष्ट वर्षांचा. सकाळी तिचं अंग पुसायचं, कूस बदलायची, भाकर कुस्करून भरवायची, तेल चोळायचं, गोळ्या द्यायच्या. एवढं होईतो बारा वाजतात. मग तिला सिनेमा लावून दिला की दोन तास पाठ टेकता येते. त्या दोन तासांवर त्याचा दिवस उभा होता.

मात्र ते दोन तास त्याच्या वाट्याला कधी सलग आले नाहीत. दहा मिनिटांत आतून हाक यायची, "अजी..." तो उठायचा. तिला तो सिनेमा नको असायचा. दुसरा लावायचा, येऊन पडायचा, पुन्हा "अजी..." पाठीचा मणका म्हणायचा आता उठू नको, आणि तो उठायचा.

पौषात जावई आले. राजदीप पुसदच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी सासऱ्याची ही ये-जा दिवसभर पाहिली आणि संध्याकाळी म्हणाले, "मामाजी, सगळी यादी टीव्हीवरच दिसेल असं करून देतो. फोटोसकट. आत्याबाई डाव्या हाताने रिमोट दाबतील, तुम्हाला उठायचं कामच नाही."

कांताबाईला वाचता येत नाही, पण चित्र तर दिसतं. भीमराजला हे पटलं. राजदीपनी प्रोग्राम टाकला. तो प्रोग्राम फाइलीचं नाव बघून इंटरनेटवरून त्या सिनेमाचं पोस्टर आपणच शोधून आणतो, असं त्यांनी सांगितलं आणि ते शेवटच्या गाडीने गेले.

सकाळी टीव्ही लावला तर पडदाभर गोरी माणसं.

भीमराज बराच वेळ पाहत राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं. दुकानात सिनेमाचं खरं नाव कोणी सांगतच नसे. लोक यायचे आणि म्हणायचे, "भाऊ, तो द्या, ज्यात सून विहिरीत उडी घेते," नाहीतर "बैल विकते तो." मग भीमराजही सीडीवर तेच लिहायचा, म्हणजे शोधायला सोपं. फाइलींना त्याने तीच नावं दिली होती, इंग्रजी अक्षरांत, कारण टायपिंग त्याला तेवढंच येत होतं. आता sun असं लिहिलेल्या सुनेचा प्रोग्रामने सूर्य केला होता आणि आगीच्या गोळ्याकडे निघालेलं एक यान तिच्या जागी आणून बसवलं होतं. bail लिहिलेला बैल सरळ जामीन झाला होता. त्याच्या जागी काळा कोट घातलेला वकील उभा होता.

त्याने जावयाला फोन केला.

"मामाजी, खरी नावं टाका, सगळं बरोबर होईल."

"खरी नावं मले कुठं ठाव हाय, जावाई. मी कधी लिहिलीच नाई."

पलीकडे राजदीप हसले, मग सासऱ्याचा आवाज ऐकून थांबले.

त्या दिवशी भीमराजने आत जाऊन विचारलं, "कोनता लावू, सांग. मी लावून देतो."

कांताबाईने जीभ जुळवली. "बाबुलालचा."

"सिनेमाचं इचारलं मी."

"बाबुलालचा लावा. नाई त... नागोरावचा."

बाबुलाल म्हणजे बसस्टँडवरचा शिंपी. नागोराव एसटीत कंडक्टर होता, त्याला जाऊन चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते तेच हे, असं त्याला वाटलं. त्याने आपल्याच मनाने एक सिनेमा लावला आणि तो बाहेर आला.

हाक आली नाही. अर्ध्या तासाने त्याने डोकावलं तर टीव्ही बंद होता, रिमोट उशाशी पडला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काहून बंद केला?"

"मले इचारता अन् आपल्याच मनाचा लावता," ती भिंतीला म्हणाली. "हागमूत तुमच्या हातात, खानं तुमच्या हातात. एवढं तरी माह्या हातात ठेवा."

एवढं सलग ती श्रावणापासून पहिल्यांदाच बोलली होती. त्यानंतर तिने चार दिवस टीव्ही लावू दिला नाही. भीमराजला दुपारी दोन तास पुरे पडता आलं. डोळा लागला नाही. आतून काहीच आवाज येत नव्हता, तेवढंच त्याच्या कानाला लागून राहिलं.

पाचव्या दिवशी त्याने माळ्यावरचं पोतं खाली ओढलं. सीडीची जुनी पाकिटं त्यात होती. त्यांवर कुठे छापील नावं सापडली तर प्रोग्रामला सांगता येतील, असा त्याचा हिशेब. नावं फार थोड्यांवर होती. पण "बैल विकते तो"च्या पाकिटाला कोपऱ्यात भोक पाडून काळ्या दोऱ्याने शर्टाचं एक बटण बांधलेलं होतं. दुसऱ्या पाकिटावर एसटीचं पंच केलेलं तिकीट चिकटवलं होतं. आणखी एकाला एक गोल आरसा, तांड्यातल्या बाया ओढणीला लावतात तसला. पोत्यात अशी पाकिटं शेकड्याने होती. दुकानात असताना त्याने ती पाहिली होती, नाही असं नाही. मुलीने, ममताने, खेळताना केलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

तो पाकीट घेऊन आत गेला आणि बटण तिच्या डोळ्यांपुढे धरलं.

"हे काय व्हय?"

कांताबाईने तोंड वळवलं. बघता बघता तिचा चेहरा डाव्या बाजूने खुलला. "बाबुलाल. शिंपी."

"अन् हा आरसा?"

"धनसिंगचा. तांड्याचा. दर बुधवारी तोच ने. त्याची बायको रडे अन् मंग दोघं जेवत."

"बाबुलाल बैलाचा नेत होता?"

"अकरा डाव नेला," ती म्हणाली. "तुम्ही शूटिंगले जात. मले वाचता येत नाई. मंग कसं वळखू? जो ने, त्याची निशानी बांधे."

भीमराज पलंगाच्या कडेला बसला. बाईचं डोकं ठिकाणावर होतं. बावीस वर्षं लग्नाला जाता-येता जे त्याने विचारलं नव्हतं, त्याचंच उत्तर ती देत होती.

मग त्याने जे काम हाती घेतलं ते पुरं व्हायला महिना लागला. गावातल्या आणि आसपासच्या लग्नांची सगळी शूटिंग त्याच कॉम्प्युटरमध्ये होती. रोज दुपारी, दोन तास पडायचं सोडून, तो एकेक लग्न पळवायचा आणि माणूस सापडला की तिथे थांबवून चेहरा उचलायचा. मुलीच्या बिदाईला उभा असलेला बाबुलाल. पंगतीत बुंदी मागणारा नागोराव. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची. कांताबाई आतून नाव सांगायची, तो चेहरा शोधायचा आणि प्रोग्रामने आणलेलं पोस्टर काढून तो तिथे बसवायचा. सगळे काही सापडले नाहीत. जे माणूस कोणाच्या लग्नालाच गेलं नाही, त्याच्या जागी त्याने बटणाचा, आरशाचा, नाहीतर तिकिटाचा फोटो लावला. दोनशे दहा झाले तेव्हा त्याने हात टेकले.

"बाकीचे राहू दे आता," तो म्हणाला. "माह्याच्यानं होत नाई."

"राहू द्या. बाकीचे कोनी नेतच नव्हते."

त्याने रिमोट तिच्या डाव्या हातात दिला. पडद्यावर फुलसावंगीची माणसं ओळीने उभी राहिली, वीस वर्षांनी तरुण, फेटे बांधलेली, घामेजलेली. ती एकेकावरून सरकत गेली.

"धनसिंग किती बारीक हाय इथं," ती म्हणाली. पुढे गेली. "याचे दात होते तवा." नागोरावशी थांबली. अंगठा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा बटण दाबलं गेलं आणि सिनेमा सुरू झाला.

भीमराज बाहेर येऊन सतरंजीवर पडला. आतून गाण्याचा आवाज येत होता. अर्धा तास गेला, तास गेला. सवयीने तो हाकेची वाट पाहत राहिला, आणि हाक येत नाही म्हणून अंग सैल सोडावं असं ठरवत होता, तेवढ्यात आली.

"अजी..."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. सिनेमा संपला होता आणि ती पुन्हा चेहऱ्यांवरून फिरत होती.

"यात मी कुठं हाव?"

भीमराज दारातच थांबला. सहाशे चाळीसांतला तिचा कोणता, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुहा कोनता?" त्याने विचारलं.

"मले काय ठाव. एक बी पुरा पाह्यला नाई मी. गिऱ्हाईक ये." ती पडद्याकडेच पाहत होती. "हा नागोरावचा आज पुरा पाह्यला. मेला, काय चांगला सिनेमा नेत होता. आता बाकीचे पाहीन, मंग सांगीन."

"मंग तुहा फोटो आत्ताच काढून ठेवतो. कुठं लावाचा ते मागून सांगजो."

त्याने मोबाइल वर धरला. कांताबाईने डावा हात चेहऱ्याआड केला.

"असा नोको. पयले वेणी घालून द्या."

भीमराजने मोबाइल खिडकीत ठेवला आणि कंगवा शोधू लागला. पाठ दुखत होती. वेणी त्याला येत नव्हती, एवढ्या महिन्यांत तो तिचे केस नुसते मागे ओढून रबर लावून देत होता.

"तीन पेड करा लागतात," ती म्हणाली. "बसा इथं. सांगतो."